वर्गातला पॉडकास्ट म्हणजे काय? एका मोबाइलवर तो कसा तयार करायचा?

पॉडकास्ट म्हणजे इंटरनेटवरून हवा तेव्हा ऐकता येणारा, भागांमध्ये येणारा ध्वनी कार्यक्रम. 'पॉडकास्टिंग' हा शब्द २००४ मध्ये ब्रिटनच्या 'द गार्डियन' या वृत्तपत्रातल्या एका लेखात वापरला गेला आणि पुढे रूढ झाला. रेडिओची वेळ ठरलेली असते. पॉडकास्ट मात्र थांबवता येतो, मागे नेता येतो आणि पुन्हा ऐकता येतो.

शाळेत त्याचा उपयोग दोन प्रकारे होतो. एक, मुलांना तयार भाग ऐकवणं. दुसरा, मुलांकडूनच भाग तयार करून घेणं. यातला दुसरा प्रकार जास्त फायद्याचा आहे. का, ते पाहूया.

विदर्भात आवाजातून शाळा भरली होती

२०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून 'शाळेबाहेरची शाळा' हा कार्यक्रम सुरू झाला. प्रशासन आणि 'प्रथम' ही संस्था त्यामागे होती. ज्या घरात स्मार्टफोन नाही, तिथेही रेडिओमुळे धडे पोहोचू शकले. पण रेडिओची एक मर्यादा आहे. ऐकणाऱ्या प्रत्येक मुलाला तिथे बोलायला मिळत नाही. वर्गातला पॉडकास्ट ही उणीव भरून काढतो.

आर्णीसारख्या गावात याची गरज काय?

आर्णी हे यवतमाळ जिल्ह्यातलं, अरुणावती नदीकाठचं तालुक्याचं गाव. या जिल्ह्यात घरोघरी वऱ्हाडी, गोरमाटी म्हणजे बंजारा बोली, गोंडी, कोलामी, उर्दू अशा वेगवेगळ्या भाषा बोलल्या जातात. पाठ्यपुस्तक मात्र प्रमाण मराठीत असतं. गोंडी आणि कोलामी तर द्रविड कुळातल्या आहेत. म्हणजे ज्याच्या घरी कोलामी बोलतात, त्याच्यासाठी शाळेतली मराठी वेगळ्याच भाषाकुळातली असते.

अशा वर्गात काही मुलांना उत्तर येत असतं, पण चुकू, सगळे हसतील म्हणून ती गप्प राहतात. पुढे 'याला काही येत नाही' असा शिक्का बसतो. रेकॉर्डिंगमध्ये हे दडपण कमी होतं. बोलायच्या आधी तयारी करता येते. चुकलं तर पुसून पुन्हा बोलता येतं. स्वतःचा आवाज ऐकल्यावर कुठे अडखळलो, कोणतं वाक्य अर्धवट राहिलं, हे मुलालाच कळतं.

एक भाग कसा तयार करायचा?

१. एकच प्रश्न घ्या. 'आपली शेती' हा विषय फार मोठा होतो. 'कापूस वेचणीच्या सुरुवातीची सीतादही म्हणजे काय?' हा प्रश्न पाच मिनिटांत मावतो.

२. गट करा. चार-पाच मुलांत एक जण प्रश्न विचारेल, एक लिहून घेईल, एक रेकॉर्डिंग करेल, एक निवेदन करेल. पुढच्या भागात कामं बदला, नाहीतर बोलकी मुलंच दर वेळी बोलतात.

३. घरच्यांना विचारा. आजी गोरमाटीत बोलली तर तिचं बोलणं तसंच ठेवा आणि मुलाला मराठीत त्याचा अर्थ सांगू द्या. यात दोन्ही भाषांचा सराव होतो.

४. मुद्दे लिहा, भाषण नको. पाच-सहा मुद्दे पुरेसे आहेत. पूर्ण मजकूर दिला की मुलं बोलत नाहीत, वाचून दाखवतात.

५. रेकॉर्ड करा. मोबाइलमधलं व्हॉइस रेकॉर्डर पुरतं. पंखा बंद ठेवा, खिडक्या लावा. मोबाइल तोंडापासून साधारण एक वीत अंतरावर धरा. टिनाच्या छपराखाली पावसात रेकॉर्डिंग करू नका.

६. काटछाट करा. शाळेत संगणक असेल तर 'ऑडॅसिटी' हे मोफत सॉफ्टवेअर वापरता येतं. नसेल तर छोटे छोटे तुकडे रेकॉर्ड करा आणि बिघडलेला तुकडा पुन्हा घ्या.

नेट कमी असेल तर?

फाइल एमपी-थ्री प्रकारात, मोनो आणि ६४ केबीपीएसवर साठवा. पाच मिनिटांचा भाग सुमारे २.४ एमबीत बसतो. तोच भाग साध्या डब्ल्यूएव्ही प्रकारात २६ एमबीच्या आसपास जातो. लहान फाइल ब्लूटूथनेही पाठवता येते आणि वर्गात एका स्पीकरवर सगळ्यांना ऐकवता येते.

गुण कशाला द्यायचे?

आवाज गोड आहे का, उच्चार शहरी आहेत का, यावर गुण देऊ नका. माहिती बरोबर आहे का, ती कुणी सांगितली हे नमूद केलंय का, क्रम समजतो का आणि गटातला प्रत्येक जण बोलला का, एवढं तपासा. भाग ऐकल्यावर वर्गाला दोन प्रश्न विचारा, म्हणजे ऐकणाऱ्यांचंही लक्ष राहतं.

मुलांचा आवाज इंटरनेटवर टाकावा का?

घाई करू नका. आवाज ही सुद्धा ओळख आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालची व्यक्ती बालक मानली जाते आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. म्हणून मुलाचं पूर्ण नाव, पत्ता, फोन नंबर भागात येऊ देऊ नका. मुलाखत देणाऱ्या आजीआजोबांनाही आधी विचारा. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली फाइल पुढे कुठे जाईल, हे आपल्या हातात राहत नाही.

भाग वर्गाबाहेर गेला नाही तरी काही बिघडत नाही. एरवी गप्प बसणारं मूल स्वतःच्या शब्दांत पाच मिनिटं बोललं आणि बाकीच्यांनी ते ऐकून घेतलं, की पॉडकास्टचं वर्गातलं काम झालं.