ईदीच्या पैशातून ससा घेताय? आधी एवढं वाचा

रमजान ईद झाली की मुलांच्या हातात ईदी जमते आणि घरोघरी एक हट्ट सुरू होतो, "अब्बा, ससा घेऊ या ना!" बाजारात पिंजऱ्यातलं पांढरंशुभ्र पिल्लू बघून मोठ्यांचंही मन विरघळतं. पण सध्या ईद मार्चच्या आसपास येतेय. म्हणजे ससा घरात रुळायच्या आतच एप्रिल-मेचा उन्हाळा दारात उभा राहतो. आपल्या अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यात तेव्हा पारा ४० अंशांच्या वर जातो. सशाला मात्र २८-३० अंशांच्या पुढेच त्रास सुरू होतो. म्हणून ससा घेण्याआधी काय माहीत असावं, ते आम्ही इथे एकत्र देत आहोत.

खेळणं नव्हे, अमानत

नीट सांभाळलेला ससा ८ ते १० वर्षं जगतो, काही त्याहून जास्त. आज तिसरीत असलेलं मूल बारावी पार करेल, तोवर ससा घरात असेल. मुलाचा उत्साह दोन महिन्यांत ओसरला तर चारा-पाणी, साफसफाई कोण करणार, हे आधीच ठरवा. ही जबाबदारी मोठ्यांनीच घ्यायची असते.

मुलांनी पाखरू किंवा प्राणी पाळण्याला दीनमध्ये मनाई नाही. अबू उमैर या लहान मुलाचं पाखरू मेलं तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याची मायेनं विचारपूस केली, ही हदीस प्रसिद्ध आहे. पण मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला शिक्षा झाल्याची हदीसही बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. पाळायची मुभा आहे, तशी हिशेबाची जाणीवही हवी.

शेतातलं पिल्लू घरी आणू नका

ऊसतोडणीत किंवा ज्वारी काढताना शेतात सशाचं पिल्लू सापडतं आणि कौतुकानं घरी आणलं जातं. हा रानससा. बाजारातला पाळीव ससा वेगळ्या जातीचा. पाळीव सशाची पिल्लं जन्मतः उघडी-नागडी आणि डोळे मिटलेली असतात. रानसशाचं पिल्लू अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतं. त्याची आई दिवसभर लांब राहते आणि अंधार पडल्यावर दूध पाजायला येते. म्हणजे एकटं दिसलेलं पिल्लू बहुतेक वेळा पोरकं नसतं.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार रानससा पकडणं, पाळणं, मारणं गुन्हा आहे. बहुतेक फकिहांच्या मते ससा हलाल आहे, पण म्हणून रानसशाच्या शिकारीला कायद्यात सूट मिळत नाही. पिल्लू दिसलं तर तिथेच राहू द्या. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या 'हॅलो फॉरेस्ट' क्रमांकावर कळवा.

घेताना काय बघावं

आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू घेऊ नका, त्याचं पोट नाजूक असतं. नाक-डोळे कोरडे, कानात खपली नाही, शेपटीखाली घाण चिकटलेली नाही, चालणं टुणटुणीत, एवढं तपासा. पांढऱ्या सशाचे लाल डोळे हा आजार नाही, तो त्याचा जन्मजात रंग आहे.

ससा एकटा राहिला की उदास होतो, त्यामुळे दोन असलेले बरे. पण दुकानदार 'दोन्ही माद्या आहेत' म्हणाला तरी डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. लहानपणी नर-मादी ओळखणं अवघड असतं. चार-सहा महिन्यांत ते वयात येतात, मादी साधारण ३१ दिवसांत वितेते आणि त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. बघता बघता दोनाचे वीस होतात. नर-मादी वेगळे ठेवा किंवा नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोला. त्याच्या मसल्याबद्दल शंका असेल तर आलिमांना विचारून घ्या.

खाणं: गाजर नव्हे, गवत

चित्रात ससा गाजर खातो, खऱ्या सशाचं मुख्य अन्न वाळलेलं गवत आहे. त्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. आतडीही तंतुमय चाऱ्यावरच चालतात. रोज त्याच्या अंगाएवढा ढीग समोर असावा, मूठभर नव्हे.

आपल्या जिल्ह्यात दुभत्या जनावरांमुळे घास, म्हणजे लसूणघास, सगळीकडे मिळतो आणि लोक तोच सशाला घालतात. सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला तो चालतो. मोठ्या सशाला रोज घातला तर त्यातल्या कॅल्शियममुळे लघवीत गाळ आणि खडे होतात. मोठ्याला साधं वाळलेलं गवत द्या, घास कधीतरी काडी-दोन काडी.

सोबत कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा किंवा गाजराचा पाला धुऊन द्या. फवारणीचा पाला टाळा. गाजर, सफरचंद म्हणजे मिठाई, बोटाएवढा तुकडा पुरे. कांदा, लसूण, बटाटा, भात, चपाती, पाव, बिस्किट, चॉकलेट, दूध अजिबात नको. ईदला मुलं लाडानं शीरखुर्मा चाटवतात, तोही नको. पाणी बाटलीपेक्षा जड वाडग्यात ठेवा, ससा त्यात जास्त पितो.

ससा स्वतःच्या मऊ लेंड्या खाताना दिसला तर दचकू नका. त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. त्याला अडवू नका.

उन्हाळा कसा काढायचा

सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. तो मुख्यतः कानांतून उष्णता बाहेर टाकतो. पत्र्याखालची खोली आणि गच्ची दुपारी भट्टी होते, तिथे पिंजरा ठेवू नका. खालच्या मजल्यावरची फरशीची खोली सगळ्यात चांगली. पाण्याची बाटली बर्फ करून कापडात गुंडाळून जवळ ठेवा, तो तिला टेकून बसतो. नुसता पंखा पुरत नाही, ओलं गोणपाट खिडकीला लावा. लाईट गेली तर काय करायचं, हेही ठरवून ठेवा.

तोंड उघडून धापा टाकणं, लाळ गळणं, अंग टाकून पडणं ही उष्माघाताची लक्षणं आहेत. कान साध्या गार पाण्यानं ओले करा, गार जागी न्या आणि लगेच डॉक्टर गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. एरवीही सशाला आंघोळ घालायची नसते. तो घाबरून दगावू शकतो.

जागा आणि साफसफाई

छोट्या पिंजऱ्यात कायम कोंडू नका, रोज तीन-चार तास मोकळं फिरू द्या. तळाला उघडी जाळी नको, पाय सोलतात. विजेच्या वायरी झाका, ससा त्या कुरतडतोच. रात्री अंगणात ठेवू नका. कुत्री-मांजरं आहेतच, शिवाय संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर आहे.

नमाजची जागा आणि जानमाज सशापासून लांब ठेवा. ससा एका कोपऱ्यात लघवी करायला शिकतो. तिथे गवत घातलेला ट्रे ठेवला की सवय लागते. पावसाळ्यात मागचा भाग ओला-घाण राहिला तर माशा अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडतात. रोज बघत जा.

कान धरून कधीही उचलू नका. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, असं उचला. जोरात पाय झाडला तर त्याचा कणा मोडू शकतो. लहान मुलांना जमिनीवर बसवूनच खेळू द्या.

डॉक्टर आधी शोधा

ससा आजार लपवतो. दहा-बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या बंद झाल्या, तर सकाळची वाट बघू नका. आतडी थांबली की जीव जातो. घरातलं औषध देऊ नका. माणसांना चालणारं अमॉक्सिसिलिन सशाला पोटातून दिलं तर ते जीवघेणं ठरतं. कुत्र्या-मांजरांच्या गोचिडांसाठीचं फिप्रोनिलही सशावर वापरायचं नसतं.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्या येतात. म्हणून ससा घेण्याआधीच चौकशी करा की आपल्या तालुक्यात सशावर उपचार कोण करतं. अवघड शस्त्रक्रियेसाठी पुण्याला जावं लागू शकतं, तो खर्चही धरा.

नंतर जमलं नाही तर ससा माळरानात सोडू नका, पाळीव ससा तिथे टिकत नाही. सांभाळणारं घर शोधून द्या.

आमचं सांगणं एवढंच: सावलीची जागा, रोजचं गवत आणि ओळखीचा डॉक्टर, या तिन्हींची सोय झाली असेल तर बिस्मिल्लाह म्हणून ससा आणा. नसेल तर ईदी जपून ठेवा आणि मुलांना कारण समजावून सांगा. ती समजतात.