मधमाशीपालनाचं पुस्तक कसं निवडायचं? तीन प्रश्न आणि थोडा इतिहास



मधमाशीवर संशोधन करायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो, "सुरुवातीला कोणतं पुस्तक वाचू?" पाच नावांची यादी देणं सोपं आहे. पण यादी जुनी होते, पुस्तक पारखायची सवय मात्र टिकते. ती सवय लावायला या पुस्तकांचा इतिहासच कामी येतो. या विषयात छापलेली चूक शतकानुशतकं टिकलेली आहे, आणि चुकीच्या पुस्तकाची किंमत वाचकाआधी पेटीतली वसाहत मोजते.

पहिला प्रश्न: हे कोणी पाहिलं?

रोमन कवी व्हर्जिलच्या 'जॉर्जिक्स' या काव्याचा चौथा भाग मधमाश्यांवर आहे. त्यात पोळ्याचा प्रमुख 'राजा' आहे आणि मेलेल्या बैलाच्या शरीरातून माश्या निर्माण होतात. युरोपात हे काव्य मोठ्या आदराने वाचलं गेलं आणि आदरासोबत चुकाही पुढे गेल्या. १५८६ मध्ये स्पेनच्या लुइस मेंदेझ दे तोरेसने लिहिलं की ही प्रमुख माशी मादी असून तीच अंडी घालते. १६०९ मध्ये इंग्लंडचा पाद्री चार्ल्स बटलर याने आपल्या पुस्तकाचं नावच 'द फेमिनिन मोनार्की', म्हणजे स्त्रीराज्य, असं ठेवलं. तो स्वतः माश्या पाळायचा. पुढे यान स्वामरडॅमने सूक्ष्मदर्शकाखाली राणीचं विच्छेदन करून तिच्या अंडकोशांची चित्रं काढली, तेव्हा वादाला जागाच उरली नाही.

आता फ्रान्स्वा ह्यूबरचं उदाहरण बघा. जिनिव्हाचा हा संशोधक तरुणपणीच अंध झाला. तरीही १७९२ सालचं त्याचं पुस्तक मधमाशीविज्ञानाचा पाया मानलं जातं. कारण त्याची पद्धत. त्याने पुस्तकाच्या पानांसारखी उघडणारी पेटी बनवली. काय बघायचं ते तो ठरवायचा आणि त्याचा सहायक फ्रान्स्वा बर्नेन्स ते बघून सांगायचा. राणीचं मीलन पेटीत होत नाही, ती त्यासाठी बाहेर उडते, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवलं. म्हणजे लेखक मोठा आहे का, हे विचारू नका. त्याला ही गोष्ट कशी कळली हे पुस्तकात लिहिलंय का, ते बघा.

दुसरा प्रश्न: कोणती माशी?

आपल्याकडचे विद्यार्थी सर्वांत जास्त इथेच अडकतात. अमेरिकेच्या लँगस्ट्रॉथने १८५२ मध्ये हलत्या चौकटींच्या पेटीचं पेटंट घेतलं आणि १८५३ मध्ये पुस्तक लिहिलं. चौकटी आणि पेटीमध्ये साधारण ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर जागा सोडली, तर माश्या ती मोकळी ठेवतात, हा त्याच्या पेटीचा आधार. जागा कमी पडली तर त्या ती प्रोपोलिसने, म्हणजे झाडांच्या चिकाने, बुजवतात. जास्त झाली तर तिथे पोळं बांधतात. आजची बहुतेक इंग्रजी पुस्तकं याच परंपरेतली आहेत.

पण ही सगळी एपिस मेलिफेरा, म्हणजे युरोपीय माशीची गोष्ट. आपली सातेरी, एपिस सेराना, अंगाने लहान आणि तिची वसाहतही लहान. लँगस्ट्रॉथची पेटी तिला मोठी पडते. म्हणूनच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी तिच्यासाठी लहान पेटी तयार केली. सातेरी प्रोपोलिस गोळा करत नाही. त्रास झाला किंवा अन्न संपलं की ती पेटी सोडून निघून जाते. परदेशी पुस्तकात हिवाळ्याच्या तयारीवर अख्खं प्रकरण असतं, पण सह्याद्रीत वसाहतीची परीक्षा बघतो तो पावसाळा. आग्या माशी तर पेटीत राहतच नाही. भारतात मेलिफेरा यशस्वीपणे रुजली ती १९६२ नंतर, नगरोटा इथल्या कामातून. त्यामुळे 'भारतातील मधमाशीपालन' असं शीर्षक असलं तरी आत कोणती माशी आहे ते तपासाच.

तिसरा प्रश्न: कोणतं साल?

व्हरोआ हा माशीच्या अंगावर जगणारा कोळीवर्गीय परजीवी. १९०४ मध्ये जावा बेटावरच्या सेराना माशीवरून त्याचं वर्णन झालं आणि नाव पडलं व्हरोआ जेकबसोनी. सेराना त्याच्यासोबत जगायला शिकली होती. मेलिफेराला ते जमलं नाही, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर मेल्या. २००० मध्ये अँडरसन आणि ट्रूमन यांनी दाखवलं की मेलिफेराला मारणारी जात वेगळीच आहे. तिला त्यांनी व्हरोआ डिस्ट्रक्टर नाव दिलं. त्यामुळे २००० पूर्वीच्या लेखात मेलिफेरावरचा 'जेकबसोनी' दिसला, तर तो बहुतेक वेळा आजचा 'डिस्ट्रक्टर' असतो. साल न बघता उतरवून घेतलं, तर तुमच्या प्रबंधात जातच चुकेल.

म्हणून पुस्तक हातात आलं की दहा मिनिटं द्या. छपाईचं नव्हे, त्या आवृत्तीच्या दुरुस्तीचं साल बघा. सूचीत 'सेराना' आणि 'व्हरोआ' शोधा. ऋतूंचं प्रकरण उघडून लेखक कुठल्या हवामानाबद्दल बोलतोय ते बघा. मग एखादा ठाम दावा निवडा आणि त्याला पुरावा दिलाय का ते वाचा.

याचा अर्थ जुनी पुस्तकं टाकून द्यायची, असा नाही. निरीक्षण कसं करावं हे शिकायला ह्यूबर अजूनही उत्तम. फक्त रोगावरचा उपाय त्याच्याकडे मागू नका. आणि नोंदवहीत टिपण काढताना प्रत्येक विधानापुढे माशीची जात आणि साल लिहायला आजपासूनच सुरुवात करा. संदर्भसाहित्याचा आढावा लिहायला बसाल, तेव्हा निम्मं काम झालेलं असेल.