भोंगा, पेटी आणि आजीचं जातं

आजचा भाग स्पीकरवर आहे. लग्नाच्या वरातीतले नव्हे, स्टुडिओत रेकॉर्डिंग तपासायला वापरतात ते स्पीकर. सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

पाटोद्यात आमच्या घरी दहा बाय बारा फुटांची एक खोली आहे, तिथे मी रेकॉर्डिंग करतो. काही वर्षांपूर्वी आजीला जात्यावर बसवून तिच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. ऐकायला ओळखीच्या मंडपवाल्याचे दोन मोठे बॉक्स होते. त्यांच्यातून जात्याची घरघर इतकी यायची की शब्द बुडून जायचे. म्हणून मी खालचा आवाज कापत गेलो, फाईल सेव्ह केली आणि मूळ पुसून टाकली. नंतर हेडफोनवर ऐकलं, तर जातं गायब! आजी नुसती गातेय, दळतच नाहीये. आज आजी नाही, आणि ती मूळ फाईलही नाही.

बॉक्स वाईट होते का? नाही हो. ते त्यांच्या कामाला चोख होते. त्यांचं काम मैदान हलवायचं, आणि मला हवा होता खरं सांगणारा स्पीकर. या दोन कामांचा इतिहासच वेगळा आहे.

पहिलं काम लांब पोचण्याचं. 1915 मध्ये पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडम या दोघांनी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोत कर्णा लावून हजारोंच्या जमावाला आवाज ऐकवला. आपल्याकडे मुंबईच्या शिकागो रेडिओचे नानिक मोटवाने यांनी काँग्रेसच्या सभांना लाउडस्पीकर पुरवले. 1931 च्या कराची अधिवेशनात ते होते. त्या काळी अँप्लिफायरची ताकद अगदी कमी. साधा पडदा विजेचा जेमतेम एक टक्का आवाजात बदलतो, तर कर्णा त्याच्या दहापट आणि कधी त्याहूनही जास्त. म्हणून सभा असो की हरिनाम सप्ताह, भोंगाच लागायचा.

पण भोंग्याची एक अडचण आहे. जितका आवाज खालचा, तितकं तोंड मोठं लागतं. दीड फूट तोंडाचा भोंगा साधारण अडीचशे हर्ट्झच्या खाली नीट बोलत नाही. पन्नास हर्ट्झसाठी तोंड दोन मीटरहून रुंद हवं. म्हणून लांबून सप्ताह ऐकला तर बुवांचे शब्द कळतात, पखवाजाची धूम मात्र येत नाही.

दुसरं काम खरं सांगण्याचं. 1925 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कागदी शंकू आणि त्याला चिकटलेली तारेची गुंडाळी, अशी रचना मांडली. आजचे बहुतेक स्पीकर त्याच घराण्यातले. पण शंकू पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ओढतो, आणि खालच्या सुरात या दोन लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. त्यासाठी पेटी आली.

आता पेटी केवढी करायची? रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारा, तिचा एक ठरलेला सूर येतो. स्पीकरच्या पेटीतली हवाही अशीच स्प्रिंगसारखी वागते. 1954 मध्ये एडगर विल्चर यांनी हीच गोष्ट कामाला लावून छोट्या बंद पेटीतून खोल आवाज काढून दाखवला. 1961 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी सगळा हिशेब सूत्रांत बसवला. तोवर अंदाजाने चालणारं सुतारकाम गणितात आलं.

माझा हिशेब सांगतो. साडेसहा इंची ड्रायव्हर. त्याच्या कागदावर तीन आकडे: स्वतःचा सूर 45 हर्ट्झ, लवचिकपणा 24 लिटर हवेइतका, आणि एकूण क्यू 0.45. बंद पेटीत आवाज फुगू नये म्हणून क्यू 0.707 धरला, तर पेटी येते सोळा लिटरची आणि बास साधारण 71 हर्ट्झपर्यंत सरळ. आतून 22 बाय 22 बाय 34 सेंटिमीटर. 18 मिलिमीटर प्लाय, सांधे हवाबंद, आत ग्लासवुल.

आमचे मिस्त्रीमामा माप बघून म्हणाले, "भाऊ, एवढ्याशा डब्यात काय वाजणार? मोठा करू की."

मी म्हणालो, "मामा, यात वाजवायचं नाही, तपासायचंय."

जगातलं प्रसिद्ध उदाहरणही असंच आहे. यामाहाचा एनएस-10, 1978 चा, घरगुती म्हणून काढलेला, पांढऱ्या शंकूचा. स्टुडिओवाल्यांनी तो उचलला, कारण त्यावर चांगलं वाटलेलं गाणं बाहेर सगळीकडे चांगलं वाटायचं.

हां, एक इशारा. पेटी कितीही शहाणी असली तरी खोली खोटं बोलते. बारा फुटांच्या खोलीत लांबीच्या दिशेने 47 हर्ट्झला लाट अडकते. एका जागी ती घुमते, दुसऱ्या जागी गायब होते. म्हणून स्पीकर कोपऱ्यात ठेवू नका, आणि ऐकायची जागा दोन-चार वेळा बदलून बघा.

पेट्या तयार झाल्यावर मी पहिल्यांदा काय लावलं सांगू? आपल्याच जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पोआतवाँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात 1996 मध्ये त्या रेकॉर्ड झाल्या. त्या प्रकल्पात एक लाखाहून जास्त ओव्या जमल्यात. ओळ संपताना घेतलेला श्वासही त्या डब्यांतून ऐकू आला. तेव्हा कळलं, आजीच्या रेकॉर्डिंगमधून मी काय कापून टाकलं होतं.

तेवढ्यासाठी हा भाग. तुमच्या घरात कुणी गात असेल तर आज रेकॉर्ड करा, आणि मूळ फाईल पुसू नका. स्पीकर नंतर सुधारता येतो. भेटू पुढच्या भागात.