दशावतारी गंजिफेतील मधली पाने
इ. स. 1527 मध्ये बाबराने सिंधच्या शाह हसनाकडे गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे दरबारी इतमामाचा हा खेळ दक्षिणेत दशावतारी रूप पावला, आणि सावंतवाडी संस्थानात चिताऱ्यांनी, चिंचोक्याच्या खळीने कागद ताठ करून व त्यावर लाखेचा लेप देऊन, वर्तुळाकार पानांवर मत्स्यापासून कल्कीपर्यंतचे अवतार रंगविले. दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकंदर 120, तिघांत चाळीस-चाळीस. दिवसा रामाचा, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्या हाती, त्याची पहिली उतारी. राजा-प्रधानांखाली मात्र निम्म्या रंगांत दश्शी श्रेष्ठ व निम्म्यांत एक्का, अशी उलटी व्यवस्था असल्यामुळे आमच्यातील, बावन्न पानांवर वाढलेला नवशिका भांबावून जातो. त्याने आरंभी पंजा-छक्क्यांवर ध्यान द्यावे, असे मला मनापासून वाटते, कारण क्रम सुलटा असो वा उलटा, त्यांचे स्थान मध्यावरच राहते. छापील पत्त्यांच्या रेट्यापुढे ही कला लयास चालली असता सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी तिला राजवाड्यातच आश्रय दिला. तेथे चितारी आजही पाने रंगवितात.