रॉक संगीत, अभिजात

साधारणपणे १९६५ ते १९८० या काळात मुख्यत्वे इंग्लंड व अमेरिकेची संयुक्त संस्थाने येथे निर्माण झालेल्या आणि दीर्घमुद्रिकांच्या रूपाने जगभर पसरलेल्या रॉक संगीतास पुढील काळात मिळालेली संज्ञा. इंग्रजीतील ‘क्लासिक रॉक’ या शब्दप्रयोगाचा हा मराठी पर्याय होय. विद्युत् गिटार, बेस गिटार, ड्रमसंच आणि गायकाचा उंच, ताणलेला आवाज हे या संगीताचे मुख्य घटक असून ऑर्गन, पियानो व सिंथेसायझर यांचाही त्यात वापर होतो. बाख, मोट्सार्ट प्रभृतींच्या पाश्चात्त्य अभिजात संगीताशी या संज्ञेचा संबंध नाही. तसेच तिच्यातून रागसंगीतासारखे काटेकोर शास्त्रही सूचित होत नाही. ‘काळाच्या कसोटीस उतरलेले व म्हणून प्रमाण मानले गेलेले’ एवढाच ‘अभिजात’ या शब्दाचा येथे अर्थ आहे. मात्र ही कसोटी कोणी लावली, केव्हा लावली आणि तिच्यासाठी कोणती सामग्री उपलब्ध होती, या प्रश्नांवर या संगीताच्या सीमा अवलंबून आहेत. अभिजात रॉक हा रचनेचा एक प्रकार नसून ती मागाहून झालेली एक निवड आहे.

पूर्वपीठिका : रॉक संगीताचा उगम अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संगीतात आहे. ब्लूज गीतांची बारा खंडांची व मोजक्या स्वरसंघातांवर आधारलेली चौकट, चर्चमधील गॉस्पेल गायनाचा आवेश आणि गोऱ्या ग्रामीण जनतेचे ‘कंट्री’ संगीत यांच्या संयोगातून १९५० नंतर ‘रॉक अँड रोल’ आकारास आले. चक बेरी (१९२६–२०१७), लिटल रिचर्ड (१९३२–२०२०) आणि एल्व्हिस प्रेस्ली (१९३५–७७) हे त्याचे प्रमुख कलावंत. त्यांची गाणी दोन-तीन मिनिटांची, नृत्यानुकूल आणि मिनिटास ४५ फेरे घेणाऱ्या लहान तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रित केलेली असत. रॉकचे जनक म्हणून या कलावंतांचा गौरव होत असला, तरी अभिजात रॉकच्या कक्षेत त्यांना सहसा धरले जात नाही.

इंग्लंडमधील तरुणांनी अमेरिकन ब्लूजच्या तबकड्या ऐकून त्यांचे अनुकरण केले व त्यातून एक नवी शैली घडविली. ‘रोलिंग स्टोन्स’ या वृंदाने आपले नाव ब्लूज गायक मडी वॉटर्स यांच्या १९५० मधील एका गीतावरून घेतले, ही गोष्ट या ऋणाची द्योतक आहे. १९६५ मध्ये न्यूपोर्ट येथील लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन यांनी विद्युत् गिटार हाती घेतली आणि आशयघन काव्य व रॉकचा नाद यांची सांगड पडली. १९६७ मध्ये ‘बीटल्स’ची ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ ही दीर्घमुद्रिका प्रसिद्ध झाली. तेथून पुढे सुटे गाणे नव्हे, तर संपूर्ण मुद्रिका ही कलाकृती, अशी दृष्टी रूढ झाली.

दीर्घमुद्रिका व नभोवाणी : या परिवर्तनामागे तंत्रज्ञान होते. कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये मिनिटास ३३ १/३ फेरे घेणारी दीर्घमुद्रिका बाजारात आणली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. दीर्घ गिटारवादन, अनेक भागांची रचना व एका सूत्रात गुंफलेली गीते यांना त्यामुळे अवकाश मिळाला. ‘पिंक फ्लॉइड’ची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) ही मुद्रिका अमेरिकेतील विक्रीच्या मुख्य यादीत १९७३ ते १९८८ या काळात एकूण ७४१ आठवडे होती. ‘लेड झेपेलिन’चे ‘स्टेअरवे टू हेवन’ (१९७१) हे सुमारे आठ मिनिटांचे गीत अमेरिकेत स्वतंत्र तबकडीच्या रूपाने विक्रीस आलेच नाही. तरीही नभोवाणीवर ते सातत्याने वाजत राहिले.

हे शक्य झाले, ते एफएम केंद्रांमुळे. १९६५ नंतरच्या काळात अमेरिकन शासनाने मोठ्या शहरांतील एफएम केंद्रांवर मध्यम लहरींवरील कार्यक्रमांचीच पुनरावृत्ती करण्यास निर्बंध घातला. मोकळ्या झालेल्या वेळात तरुण निवेदकांनी दीर्घमुद्रिकांतील लांबलचक गीते वाजविण्यास प्रारंभ केला. पुढे १९७० ते १९८० या दशकात या स्वच्छंदी कार्यक्रमांची जागा आखीव गीतयादीने घेतली आणि निवडीस व्यवसायाचे रूप आले.

संज्ञेचा उदय : ‘क्लासिक रॉक’ हे नाव १९८० ते १९८६ या काळात अमेरिकन नभोवाणी केंद्रांनी रूढ केले. फ्रेड जेकब्झ या सल्लागाराचा हा कार्यक्रमप्रकार घडविण्यात मोठा वाटा होता. जे श्रोते १९७० च्या सुमारास विद्यार्थी होते, ते आता तिशी-चाळिशीत पोचून मिळवते झाले होते आणि जाहिरातदारांना ते हवे होते. त्यांच्या तारुण्यातील कोणती गाणी ऐकताना ते केंद्र बदलत नाहीत, हे पाहणीने ठरविण्यात आले व तीच गाणी पुनःपुन्हा वाजू लागली. या पुनरावृत्तीमुळे ती परिचित झाली व परिचयामुळे अभिजात ठरली. निर्मितीच्या वेळी यांपैकी एकाही वृंदाने आपल्या संगीतास हे नाव दिले नव्हते. नाव मागाहून येते, हे मराठी वाचकास अपरिचित नाही. ज्यांची समाधी बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे परंपरेने दाखविली जाते, त्या मुकुंदराजांस ‘आद्यकवी’ हे बिरुदही उत्तरकालीनांनीच दिले आणि त्यांचा काळ व स्थळ यांविषयी विद्वानांत मतभेद होत राहिले. परंपरेचा आरंभ कोठे मानावा, हा निर्णय नेहमी नंतरच्या पिढीचा असतो.

काळाची सीमा : अभिजात रॉकची आरंभरेषा १९६४-६५ च्या आसपास मानण्याविषयी फारसा वाद नाही, वाद आहे तो अंतिम रेषेविषयी. १९७६-७७ मध्ये ‘रमोन्स’, ‘सेक्स पिस्टल्स’ इ. वृंदांनी ‘पंक’ शैली पुढे आणली. लांबलचक वादन व भपकेबाज मंचसज्जा यांविरुद्धचे ते बंड असल्यामुळे अनेक जण येथेच रेषा ओढतात. काहींच्या मते १ ऑगस्ट १९८१ रोजी ‘एमटीव्ही’ या संगीतवाहिनीचे प्रक्षेपण सुरू झाले आणि ऐकण्याचे संगीत पाहण्याचे झाले, तेव्हा हे पर्व संपले. तथापि या दोन्ही रेषा टिकलेल्या नाहीत. ‘निर्व्हाना’ या वृंदाची ‘नेव्हरमाइंड’ (१९९१) ही मुद्रिका जुन्या रॉकला पर्याय म्हणून पुढे आली होती. आता तिच्यातील गीते अभिजात रॉकच्या केंद्रांवरूनच वाजतात. अमेरिकेतील ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या संस्थेचा (स्थापना १९८३, पहिली निवड १९८६) नियम असा की, पहिल्या मुद्रिकेनंतर २५ वर्षे लोटल्यावरच कलावंत निवडीस पात्र ठरतो. म्हणजे सीमारेषा ठराविक वर्षाशी बांधलेली नसून ती श्रोत्याच्या वयाबरोबर पुढे सरकते.

शैलीची व समाजाची सीमा : ब्लूजप्रधान रॉक, लोकसंगीतप्रधान रॉक, ‘डीप पर्पल’सारख्या वृंदांचे जोरकस ‘हार्ड रॉक’ आणि ‘येस’, ‘जेथ्रो टल’ इत्यादींचे प्रयोगशील ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ हे प्रकार या कक्षेत येतात. ‘ब्लॅक सॅबथ’ हा वृंद सीमेवरचा. अभिजात रॉक व ‘हेवी मेटल’ ही दोन्ही क्षेत्रे त्याच्यावर हक्क सांगतात. याउलट त्याच काळातील सोल, फंक, रेगे व डिस्को हे प्रकार सहसा वगळले जातात. हे वर्जन केवळ नादभेदामुळे घडलेले नाही. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या एका क्रीडांगणात रॉक केंद्राच्या निवेदकाच्या पुढाकाराने डिस्को मुद्रिकांचा ढीग स्फोटाने उडविण्यात आला व जमाव मैदानात घुसला. डिस्कोचा श्रोतृवर्ग मोठ्या प्रमाणावर कृष्णवर्णीय, स्पॅनिशभाषक व समलिंगी होता, याकडे अभ्यासकांनी या संदर्भात लक्ष वेधले आहे.

परिणामी ज्या समाजाच्या संगीतातून रॉक निपजले, त्याचे कलावंत अभिजात रॉकच्या यादीत विरळ आढळतात. जिमी हेन्ड्रिक्स (१९४२–७०) हे ठळक अपवाद होत. स्त्रियांचीही स्थिती वेगळी नाही. जॅनिस जॉप्लिन (१९४३–७०) यांच्यासारखी नावे थोडी आहेत. गॉस्पेल गायनास विद्युत् गिटारची जोड देणाऱ्या सिस्टर रोझेटा थार्प (१९१५–७३) यांस उपर्युक्त संस्थेने २०१८ मध्ये स्थान दिले. प्रेस्ली यांच्या १९५६ मधील ‘हाउंड डॉग’ या गाजलेल्या गीताचे मूळ ध्वनिमुद्रण १९५२ मध्ये करणाऱ्या बिग मामा थॉर्नटन यांस २०२४ पर्यंत वाट पाहावी लागली.

महाराष्ट्रातील रॉक संगीत : या निवडीतून काय निसटते, हे महाराष्ट्राच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. मुंबईत गोमंतकीय वादकांमुळे पाश्चात्त्य वाद्यांची परंपरा आधीच रुजलेली होती. सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकत असलेल्या फारुख बलसारा या पारशी विद्यार्थ्याने १९५८ च्या सुमारास आपल्या सोबत्यांसह ‘हेक्टिक्स’ हा वृंद काढला. हाच विद्यार्थी पुढे इंग्लंडमध्ये फ्रेडी मर्क्युरी (१९४६–९१) या नावाने ‘क्वीन’ वृंदाचा गायक म्हणून जगप्रसिद्ध झाला. ‘क्वीन’चे संगीत अभिजात रॉकमध्ये अग्रभागी आहे, पाचगणीचा वृंद मात्र चरित्रातील तळटीपेपुरता उरला.

१९६५ नंतर मुंबईत ‘जेट्स’, ‘सॅव्हेजेस’, ‘कम्बस्टिबल्स’ असे वृंद उदयास आले. सिगारेट कंपनीने पुरस्कृत केलेल्या ‘सिमला बीट’ या अखिल भारतीय स्पर्धेतील वृंदांच्या गीतांच्या दीर्घमुद्रिका १९७० व १९७१ मध्ये निघाल्या. भारतीय रॉकच्या त्या पिढीचा जो थोडा नाद आज ऐकावयास मिळतो, त्यात या दोन मुद्रिकांचे महत्त्व मोठे आहे. अलेक पदमसी यांनी १९७४ मध्ये मुंबईत सादर केलेल्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ या रॉक-संगीतिकेत जूडासची भूमिका नंदू भेंडे यांनी केली. मराठी रंगभूमीवरील नट व दिग्दर्शक आत्माराम भेंडे यांचे ते पुत्र होत. ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ या मुंबईच्या वृंदातही त्यांचा सहभाग होता.

पाश्चात्त्य कलावंतांचाही मुंबईशी संबंध आला. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन यांनी जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही ध्वनिमुद्रणगृहात ‘वंडरवॉल म्युझिक’साठी भारतीय वादकांसह ध्वनिमुद्रण केले, शिवकुमार शर्मा हे त्यांपैकी एक होत. १९७२ मध्ये ‘लेड झेपेलिन’चे जिमी पेज व रॉबर्ट प्लांट यांनी मुंबईतील वादकांबरोबर आपली दोन गीते मुद्रित केली, ती अधिकृतपणे २०१५ मध्ये प्रकाशित झाली. चाळीसहून अधिक वर्षांनंतरही ती प्रकाशित होऊ शकली, कारण मुद्रण जपून ठेवलेले होते. त्याच काळात मुंबईच्या मंचावर वाजणाऱ्या स्थानिक वृंदांच्या वाट्याला असे मुद्रण क्वचितच आले. मुद्रिका-व्यवसायाचा भर चित्रपटगीतांवर होता, श्रोते परिचित पाश्चात्त्य गीतांचीच मागणी करीत, आणि स्वतःच्या रचना वाजविणाऱ्या वृंदास वाव कमी मिळे.

धोबी तलाव भागातील रंगभवन हे खुले नाट्यगृह पुढे या संगीताचे केंद्र बनले. ‘पोलीस’ या इंग्लिश वृंदाचा कार्यक्रम तेथे मार्च १९८० मध्ये झाला. १९८६ मध्ये ‘इंडिपेंडन्स रॉक’ या वार्षिक महोत्सवास प्रारंभ झाला. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ या मुंबईच्या वृंदाने स्वतःच्या रचनांचा आग्रह धरला व १९८८ मध्ये त्यांची पहिली मुद्रिका निघाली. १९९३ मध्ये या वृंदाने ‘इंडस क्रीड’ हे नाव धारण केले. रंगभवनाचा परिसर शांतता क्षेत्रात येत असल्याने पुढे तेथील असे कार्यक्रम बंद पडले.

मुंबई-पुण्याबाहेर या संगीताचा प्रसार मर्यादित राहिला. बीडसारख्या जिल्ह्यात भजन, कीर्तन, भारूड, पोवाडा व चित्रपटगीत हा श्रोत्यांचा मुख्य नादपरिसर होता. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या व त्यानंतर इंटरनेट यांच्याद्वारे रॉक तेथवर पोचले, ते अभिजात म्हणून आधीच निवडलेल्या यादीच्या रूपात. ज्या वादविवादांतून ती यादी बनली, ते तिच्याबरोबर आले नाहीत. मुंबईतील वृंदांचाही तीत समावेश नव्हता.

मूल्यमापन : अभिजात रॉकमध्ये गणल्या जाणाऱ्या उत्तम कृतींची गुणवत्ता निर्विवाद आहे, नादाची भव्यता, वादनातील कौशल्य व गीतांची विचारप्रवणता यांमुळे त्या पन्नास वर्षांनंतरही ऐकल्या जातात. परंतु यादीत नाव नसणे हा गुणहीनतेचा पुरावा ठरत नाही. जे मुद्रित झाले, प्रक्षेपित झाले आणि वारंवार ऐकविले गेले, त्यातूनच ही निवड झाली. जे मंचावर वाजून विरले, ते कसोटीपर्यंत पोचलेच नाही. जुन्या मुद्रिका व ध्वनिफिती यांचे जतन आणि त्या काळातील वादकांच्या आठवणींची नोंद झाली, तरच अभिजात रॉकच्या सीमांचा विचार महाराष्ट्राच्या बाजूनेही करता येईल.