गुत्त्याचा माणूस

मराठवाड्यात आजही कंत्राटदारास गुत्तेदार म्हणतात. पुण्यामुंबईच्या माणसास हा शब्द प्रथम ऐकताना थोडा चमत्कारिक वाटतो. परंतु तेलुगूतील गुत्त आणि कन्नडातील गुत्तिगे ह्यांचा तो सख्खा भाऊ आहे, आणि १९५६ पर्यंत ह्या तीनही भाषा ज्या एका हैदराबाद राज्यात नांदत होत्या, त्या राज्याच्या व्यवहाराची खूण त्याने अजून अंगावर वागविली आहे. निजामी अमलात दारू-शिंदीचे गुत्ते दिले जात. ठरलेली रक्कम सरकारात भरली, की गुत्तेदाराने पुढे वसुली कशी केली, कोणाला नाडले, ह्याची चौकशी करण्याचे सरकारला फारसे कारण उरत नसे. गुत्त्याचे मर्म येथेच आहे. ठोक रक्कम ठरली की काम दुसऱ्याच्या हाती जाते, आणि त्या कामाकडे न पाहण्याची मोकळीकही देणाऱ्यास आपोआप मिळते. हा व्यवहार पुढे कारखान्याच्या फाटकाशी आला, तेव्हा मात्र एक निराळाच प्रश्न उभा राहिला. काम गुत्त्याने देता येते. कामातला धोकाही तसाच देऊन टाकता येतो काय?

हैदराबादेत यंत्रांचे मोठे कारखाने काहीसे उशिराच आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९४२ साली ऑल्विन आणि १९४३ साली प्रागा टूल्स हे कारखाने निघाले. साठीच्या दशकात रामचंद्रपुरमला विजेच्या अवजड यंत्रसामग्रीचा आणि बालानगरला औषधद्रव्यांचा, असे केंद्र सरकारचे दोन कारखाने उभे राहिले. तेथला कामगार बहुतांशी कायम नोकरीचा होता. त्याचे नाव पटावर असे, पुष्कळांना वसाहतीत घरही असे. पुढे जीडीमेटला, पाटणचेरू, पाशमैलारम ह्या भागांत खाजगी कारखान्यांची दाटी झाली, आणि चित्र पालटले. औषधद्रव्ये एकेका घाणीने तयार होतात. मागणी वाढली की माणसे अधिक लागतात, घटली की नकोशी होतात. पिंपे वाहणे, पोती भरणे, भांडी धुणे, नळ जोडणे ही कामे गुत्त्यावर जाऊ लागली. आणि गुत्त्याची माणसे पुष्कळदा बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेश अशा दूरच्या प्रांतांतून येऊ लागली.

ह्या माणसाचा मालक कोण, हा प्रश्न कायद्याला तोवर नवा नव्हता. १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात एक मोठे शहाणपणाचे कलम होते. आपल्या धंद्याचेच काम कंत्राटदाराकडून करून घेताना त्याचा मजूर जायबंदी झाला किंवा दगावला, तर भरपाई मूळ मालकाने द्यावी, आणि मग ती कंत्राटदाराकडून वसूल करावयाची तर करावी, असे ते सांगत होते. विधवेने गुत्तेदाराचा पत्ता शोधीत हिंडावे, ही आपत्ती त्या कलमाने टाळली. मात्र हा न्याय अपघात होऊन गेल्यानंतरचा होता. माणूस मरू नये म्हणून मालकाने आधी काय करावे, ह्याचे उत्तर त्यात नव्हते.

ते उत्तर १९४८ च्या कारखाने कायद्याने द्यावयास घेतले. त्यातील कामगाराच्या व्याख्येत मालकाने थेट नेमलेला आणि मध्यस्थामार्फत आलेला, असे दोघेही बसत होते. तरीही, ‘हा माणूस आमचा नव्हे, आत आला हेच आम्हांस ठाऊक नव्हते’ अशी सबब सांगण्यास वाव राहिला असावा. कारण १९७६ च्या दुरुस्तीने व्याख्येत कंत्राटदाराचा स्पष्ट उल्लेख केला आणि आणखी एक शब्दप्रयोग घातला : मूळ मालकाच्या माहितीने वा माहितीविना. कायद्याच्या रुक्ष भाषेत क्वचितच असा सबंध इतिहास दोन शब्दांत मावतो. माहिती नसणे हा बचाव नव्हे, असेच जणू त्या दुरुस्तीने बजावले.

दरम्यान मुंबईस तुर्भ्याच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून एक वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. कारखान्याची व यंत्रांची साफसफाई कंत्राटावर चालत होती. हे काम रोजचे आहे, कायमचे आहे, त्यावाचून कारखाना चालणार नाही. तेव्हा ते कंत्राटाने देऊ नये, हा लवादाचा निवाडा न्यायालयाने १९६० साली कायम केला. पुढे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर ह्यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय कामगार आयोगाने १९६९ मध्ये अहवाल दिला, आणि १९७० साली कंत्राटी कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला. गुत्तेदाराने मजुरी बुडविली तर ती मूळ मालकाने द्यावी, उपाहारगृह, विश्रांतीची जागा, पिण्याचे पाणी, प्रथमोपचाराची पेटी असावी, असे त्याने सांगितले. ह्या सोयी मोलाच्या होत्या, ह्यात शंका नाही. परंतु ज्या भांड्यात उतरावयाचे त्यात कोणता वायू साठला आहे हे मजुरास कोणी सांगावे, ह्याविषयी तो कायदा मुका होता.

आणि गुत्त्याच्या मजुराचा खरा शत्रू तेथेच दडलेला असतो. कारखाना सुरळीत चालू असतो तेव्हा धोका बराचसा बंद भांड्यात राहतो. भांडे उघडावे लागते ते धुण्यासाठी, डागडुजीसाठी, नळ कापण्यासाठी. आणि नेमकी हीच कामे बाहेरच्या माणसाच्या वाट्याला येतात. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. टाकीत उतरलेला मजूर दोनचार श्वासांत कोसळतो. त्याला काढावयास उतरलेला सोबतीही तेथेच राहतो. टाकीत कालपर्यंत काय होते, हे जाणणारा कारागीर कारखान्याचा असतो. आत उतरणारा गुत्तेदाराचा. ज्ञान एकापाशी आणि जीव दुसऱ्याचा, अशी ही विभागणी आहे.

तिच्यावर उपाय म्हणून जगभर लेखी परवान्याची पद्धत रूढ झाली. काम सुरू होण्यापूर्वी नळ तोडला आहे, वीज कुलूपबंद आहे, आतली हवा तपासली आहे, असे जबाबदार माणसाने लिहून द्यावयाचे. पण कागदही हरवतो. १९८८ च्या जुलैत उत्तर समुद्रातील पायपर अल्फा ह्या तेलमंचावर एका पंपाची सुरक्षा-झडप दुरुस्तीस काढली होती. त्याची वार्ता रात्रपाळीला पोचली नाही, पंप चालू केला गेला, आणि १६७ माणसे मेली. त्यांतील बहुसंख्य कंत्राटदारांची होती. १९९२ साली अमेरिकेने घातक रसायनांच्या कारखान्यांसाठी नियम केला, त्यात कंत्राटदारांना एक स्वतंत्र कलम दिले. मालकाने कंत्राटदाराची सुरक्षिततेतील पूर्वीची कामगिरी तपासावी, त्याला आतले धोके समजावून द्यावेत, आणि त्याच्या माणसांच्या दुखापतींची नोंदही आपल्याकडे ठेवावी. आपल्याकडेही भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, धोक्याची माहिती उघड करण्याचे बंधन कारखानदारावर घातले गेले होते. कायदा कमी पडला असे म्हणण्यापेक्षा फाटकावर तो मजुराच्या भाषेत कोणी वाचून दाखविला नाही, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

हैदराबादेपुरते पाहिले तर आंध्र प्रदेशाने २००३ साली आणखी एक पाऊल टाकले. कारखान्याच्या गाभ्याचे जे काम असेल ते कंत्राटी मजुराकडून करून घेऊ नये, असे ठरले. पण गाभ्याबाहेरची म्हणून जी कामे मोजून दाखविली, त्यांत साफसफाई होती, माल चढविणे-उतरविणे होते, बांधकाम होते. हिशेबाच्या दृष्टीने ही विभागणी बिनचूक असेल. धोक्याच्या दृष्टीने मात्र ती उलटीच पडते. कारण धंद्याच्या गाभ्याबाहेरचे काम पुष्कळदा धोक्याच्या अगदी गाभ्यात असते.

३० जून २०२५ रोजी, सोमवारी सकाळी, पाशमैलारम येथे सिगाची इंडस्ट्रीज ह्या कारखान्यात स्फोट होऊन इमारत कोसळली. तेथे औषधाच्या गोळ्यांत घालावयाची सेल्युलोजची बारीक पूड तयार होत असे. अशी पूड पोत्यात निरुपद्रवी; हवेत दाट तरंगू लागली आणि ठिणगी मिळाली, तर तीच दारूसारखी पेटते. स्फोटक धुळीविषयी १९४८ च्या कायद्यात स्वतंत्र कलम होते, ते ह्याच कारणासाठी. रिॲक्टर फुटला असे प्रथम सांगण्यात आले. मागाहून वाळवणीच्या विभागाकडे बोट दाखविले गेले. त्या सकाळी आत नेमकी किती माणसे होती, ह्याचेही निरनिराळे आकडे प्रथम ऐकू येत होते. मागाहून १४३ हा आकडा सांगण्यात आला. मृतांची संख्या दिवसेंदिवस चढत गेली. मरण पावलेल्यांत परप्रांतांतून आलेले मजूर पुष्कळ होते, आणि कित्येकांची ओळख नातेवाइकांच्या रक्ताशी डीएनए ताडून पटवावी लागली. ४६ जणांची ओळख पटली. आठ जणांचा काहीच मागमूस लागला नाही. ते मृत झाले, असेच अखेर धरावे लागले. मरण पावलेल्यांची एकूण संख्या अशी ५४ झाली.

त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला कामगारांविषयीच्या चार नव्या संहिता देशभर अमलात आल्या. १९४८ चा कारखाने कायदा आणि १९७० चा कंत्राटी कामगार कायदा हे दोन्ही त्यांतील २०२० च्या सुरक्षा-संहितेत विलीन झाले. गाभ्याच्या कामास कंत्राटी मजूर लावू नयेत, हे आंध्रातले तत्त्व आता सर्व देशासाठी झाले आहे. १९७० चा कायदा वीस किंवा अधिक मजूर असलेल्या गुत्त्याला लागू होई. नव्या संहितेतील कंत्राटी मजुरांचे प्रकरण लागू होण्यासाठी पन्नास मजूर असावे लागतात.