पंच : पाचातलं पाणी कुठे गेलं?

गेल्या महिन्यात एक तरुण दवाखान्यात आला. घर इथलंच, वाडीचं, नोकरी पुण्यात. पित्ताची गोळी लिहून घेता घेता त्याने आवाज खाली घेतला. "डॉक्टर, व्होडकात लिंबू पिळून, साखर घालून, बर्फात हलवली की ती सौम्य होते ना? आम्ही मित्र खोलीवर करतो. एका घोटात जाते, दारूची चवच लागत नाही."

दत्ताच्या वाडीत बसून दारूवर काय लिहायचं, असं काही वाचकांना वाटेल. पण प्रश्न दवाखान्याच्या दारातून आत आला की तो आरोग्याचाच होतो. शिवाय या प्रश्नामागे साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो बराचसा आपल्याच किनाऱ्यावर घडलेला आहे.

हा मुलगा जे करतो त्याला बारमध्ये 'लेमन ड्रॉप' म्हणतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बारमध्ये ते निघालं, असं सांगतात. पण दारू, आंबट रस आणि साखर ही जोडी त्याहून फार जुनी आहे. तिचं जुनं नाव 'पंच'. हो, आपला पंचामृतातला पंच.

सतराव्या शतकात जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मुंबई-सुरतेकडे होता. शिवाजी महाराजांच्या काळातला हा माणूस. १६७५ मध्ये तो मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून औषधोपचारासाठी जुन्नरला गेला होता. त्याचं प्रवासवर्णन १६९८ मध्ये लंडनला छापलं गेलं. त्यात तो गोव्याकडच्या नेरूळची (आपलं नवी मुंबईतलं नव्हे) अराक सर्वांत चांगली असं सांगतो आणि किनाऱ्यावरचे इंग्रज तिच्यापासून 'पंच' नावाचं पेय करतात, अशी नोंद करतो. नावाचं कारणही देतो : इथल्या भाषेत पाच, म्हणून पाच वस्तूंचं पेय. स्वतः डॉक्टर असल्यामुळे त्याला लगेच युरोपातल्या पाच द्रव्यांच्या औषधाची आठवण होते. आपल्याकडे वैद्य पंचकोल म्हणतात, तसंच ते. मात्र या पेयाने अंगातली ताकद जाते, असा शेराही त्याने मारून ठेवला आहे.

त्या पाच वस्तू साधारण अशा धरतात : दारू, लिंबाचा रस, साखर, पाणी आणि मसाला. मसाल्यात बहुधा जायफळ. नावाच्या या उगमाबद्दल सगळे भाषातज्ज्ञ एकमत नाहीत, कारण 'पंच' हा शब्द १६३२ च्या कंपनीच्या एका पत्रात कसल्याही पाचाच्या उल्लेखाशिवाय येतो. १६३८ मध्ये सुरतेला आलेला मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी तर चारच वस्तू सांगतो : दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. खुद्द फ्रायरही चार वस्तूंच्या प्रकाराचा उल्लेख करतो. म्हणजे पाककृती तेव्हाही घरोघरी वेगळीच होती. आमटीसारखी.

दारूत लिंबू आणि साखर घालायची गरजच का पडली? कारण दारू कडक आणि उग्र होती. अराक म्हणजे माडाची ताडी गाळून केलेली. आपला 'अर्क' हा शब्द त्याच कुळातला. ती नुसती घशाखाली जाईना, म्हणून लिंबू-साखर. मुंबई सरकारच्या १६९४ च्या एका हुकुमात तर मापंच ठरवून दिली होती. खाणावळीत पंच प्यायला आलेल्याला गोव्याची चांगली अराक एक क्वार्ट (साधारण एक लिटर), साखर अर्धा पौंड (सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास) आणि लिंबाचं पाणी अर्धा पिंट (पाव लिटर धरा) मागता येईल, आणि तो आपला पंच आपणच बनवील. साध्या पाण्याचं माप त्यात नाही. ते ज्याचं त्याने घालायचं. किती घालत असतील, हे तेव्हाच्या मुंबईची ख्याती वाचून ओळखता येतं. दोन पावसाळे म्हणजे तिथे माणसाचं आयुष्य, अशी म्हण ओव्हिंग्टन या पाद्र्याने त्याच सुमारास नोंदवली आहे. मारणाऱ्यांत ताप आणि हगवण पुढे असणार, सगळं खापर पंचावर फोडता येणार नाही. पण दारूने पोखरलेलं शरीर तापाशी कसं झुंजणार?

आता साखर आणि लिंबू नेमकं काय करतात ते बघू. दारूचा घोट घेताना जी जळजळ होते, ती तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंमुळे. तांबड्या रश्श्यातली मिरची ज्या ठिकाणी झणका देते, अल्कोहोल त्याच ठिकाणी बोट ठेवतं. बर्फाने तो झणका कमी होतो, साखरेने कडूपणा झाकला जातो, आंबटपणाने लक्ष दुसरीकडे जातं. जीभ फसते. यकृत फसत नाही.

आपल्याकडच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. तीस मिलिलिटरच्या एका शॉटमध्ये म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. लिंबू घाला, साखर घाला, ते दहाच राहतं. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅमच निकालात काढतं. माणसागणिक थोडाफार फरक. अर्ध्या तासात पाच शॉट घेतले तर पोटात पन्नास ग्रॅम गेले. उतरायला पाच ते सात तास लागणार. मध्ये लिंबूपाणी प्या, काळी कॉफी प्या, डोक्यावर पाणी ओता, यकृताचा वेग वाढत नाही. जळजळ ही शरीराची 'हळू घे' अशी सूचना असते. ती बंद केली की माणूस मोजणं विसरतो. पित्ताच्या माणसाला तर आंबट आणि अल्कोहोल एकत्र म्हणजे दुहेरी मार.

"पण डॉक्टर, लिंबात व्हिटॅमिन सी असतं ना?" असतं. याचीही कथा समुद्रावरचीच. लांबच्या सफरीत खलाशांच्या हिरड्या सुजत, रक्त येई, माणसं मरत. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या सर्जनने 'सॅलिसबरी' जहाजावरच्या १२ रुग्णांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. ज्या दोघांना रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालं, ते आठवड्याच्या आतच सुधारले. तरी नौदलाने लिंबाचा रस सरसकट द्यायला १७९५ उजाडलं. तो रस टिकावा म्हणून त्यात थोडी दारू घालत. १८६७ मध्ये लॉक्लन रोझ या स्कॉटिश माणसाने दारूऐवजी साखरेत रस टिकवण्याचं पेटंट घेतलं. आपल्या बायका बरणीत लिंबाचा पाक करतात, तेच सूत्र. गुण लिंबाचा होता, दारूचा नव्हता. आणि व्हिटॅमिन सीच हवं असेल तर एका पेरूत ते कित्येक लिंबांइतकं मिळतं.

त्याच नौदलातली आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. खलाशांना रोज अर्धा पिंट रम मिळे, तीही नुसती. २१ ऑगस्ट १७४० रोजी अ‍ॅडमिरल व्हर्नन यांनी हुकूम काढला : अर्ध्या पिंट रममध्ये एक क्वार्ट पाणी घालायचं आणि दिवसातून दोनदा विभागून द्यायचं. एकाला चार. वर चवीसाठी लिंबू-साखर ज्याची त्याने विकत घ्यावी. यालाच पुढे 'ग्रॉग' नाव पडलं. लिंबू-साखर ऐच्छिक, पाणी सक्तीचं. शॉटवाल्यांनी नेमकं उलटं केलं : पाचातलं पाणी आणि मसाला काढला, आंबटगोड तेवढं ठेवलं.

जाता जाता दोन गोष्टी. दारू कुठून आली हे माहीत नसेल तर तिला हात लावू नका. मिथेनॉल चवीने ओळखता येत नाही, आणि लिंबू-साखरेखाली तर मुळीच नाही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. पिऊन काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही नजर धूसर झाली, पोटात कळा आल्या तर झोपून राहू नका, थेट मोठं रुग्णालय गाठा. आणि मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना उपाशीपोटी घेतली तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाते. पेयात साखर आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

त्या तरुणाला मी हे सगळं थोडक्यात सांगितलं. तो म्हणाला, "मग पाणी किती घालू?"

"तीस मिलिलिटरला एकशेवीस. व्हर्ननचं माप. आणि एका घोटात नाही, तासभर बसून."

त्याने जरा विचार केला. "पण डॉक्टर, मग ते सरबतच होईल की!"